होकायंत्राजवळचा माणूस

बस तिसऱ्या सिग्नलला थांबली आणि फिटरच्या एकदम लक्षात आलं की सकाळी घरातून निघताना आपण बायकोला कशाला तरी हो म्हणून बसलो आहोत. कशाला, ते मात्र काही केल्या आठवेना. हो म्हटल्याचं पक्कं आठवत होतं. नुसतं हो नव्हे, "हो, चालेल," असं ऐसपैस हो. त्यावर तिने "नक्की?" विचारलं होतं आणि त्याने "नक्की" म्हटलं होतं, तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने आठवडाभर या एकाच गोष्टीचा विचार केला आहे. मग ती म्हणाली होती, "बरं. चार वाजता फोन करून सांगते त्यांना." एवढं सगळं शब्द न् शब्द कानात होतं. त्याच्या आधीचं, म्हणजे मुख्य जे काही होतं ते, वहीतून पान फाडून नेल्यासारखं गायब. आता हे 'ते' कोण? प्लंबर नसणार, प्लंबरला ती 'त्याला' म्हणते, आणि नळ पुन्हा गळायला लागला की त्याहून वाईट म्हणते. 'त्यांना' म्हटलं की आदर आला, आणि आदर आला की मागोमाग एकतर दुखणं येतं नाहीतर नातेवाईक येतात. सिग्नल हिरवा झाला. बसमधली सगळी माणसं एकदम मागे गेली आणि एकदम पुढे आली, फिटरही गेला आणि आला, आणि कमरेतून एक बारीक कळ वर मानेपर्यंत जाऊन, तिथे काही काम नाही असं बघून, परत खाली आली.

बायको कानांची तपासणी करायची. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या खोलीत ती लोकांच्या कानांत बारीक-बारीक आवाज सोडायची आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायची. नवऱ्याचे कान तिने तीनदा तपासले होते. तिन्ही वेळा उत्तम निघाले. इतर बायकांना निदान मनाची समजूत घालता येते की आपल्या माणसाला कमी ऐकू येत असेल. हिच्याकडे तर तसा कागदच होता, सहीशिक्क्याचा, की याला सगळं ऐकू येतं. तिसऱ्या तपासणीनंतर ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसली होती आणि म्हणाली होती, "एखादा कान तरी खराब निघायला हवा होता रे." तो 'हं' म्हणाला होता. अकरा वर्षांच्या संसारात त्याने 'हं'चे सात-आठ प्रकार तयार केले होते: विचारात पडल्याचा हं, सहानुभूतीचा हं, पुढे बोल असा हं, आणि एक शेवटाकडे चढत जाणारा हं, जो प्रश्नासारखा वाटे पण त्यात प्रश्न नसे. हे त्याने मुद्दाम केलं नव्हतं. दिवसभर बोटींच्या पोटात, डोकं एका कप्प्यात आणि पाय दुसऱ्यात अशा अवस्थेत पडून राहायचं, वरून मालक बोलतोय, गिऱ्हाईक बोलतंय, आणि आपल्या दातांत वायर. अशा वेळी माणसाचं तोंड आपोआप उत्तरं द्यायला शिकतं. पहिल्या वर्षी ती म्हणायची, नंदीबैल आहेस. पुढे तेही म्हणेनाशी झाली. नंदीबैलाला निदान कुणीतरी काहीतरी विचारत असतं.

आणि हे 'हो, चालेल' काही साधंसुधं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका 'हो, चालेल'मधून घरात पियानो आला होता. संध्याकाळी तो घरी आला तर दिवाणखान्यात पियानो, आणि चार हमाल पाणी पीत बसलेले. तिच्या बरोबरीच्या एका बाईंचा होता. त्यांना घर बदलायचं होतं, महिनाभर ठेवून घ्या म्हणाल्या होत्या, आणि तिने त्याला रीतसर विचारलं होतं. महिना उलटला, बाई दुसऱ्या देशात गेल्या, पियानो राहिला. दोघांनाही वाजवता येत नव्हता. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत. कधी एखादी जड चादर टाकली की आतून एक खोल, दुखावलेला सूर निघे, आणि दोघं काहीही न बोलता तिकडे बघत. पियानो परवडला, फिटरला वाटलं. पियानोचं हसं तरी करता येतं. त्याच्याही आधी, सहा वर्षांपूर्वी, ती म्हणाली होती, बुधवारी येशील ना माझ्याबरोबर, आणि तो म्हणाला होता, हो, नक्की. बुधवारी तो एका बोटीखाली उताणा पडून सुकाणूचा खिळलेला नट काढत होता. संध्याकाळी घरी आला तर ती ओट्यापाशी दुधावर लक्ष ठेवून उभी, आणि मनगटाला इस्पितळाची कागदी पट्टी, तिचं नाव लिहिलेली, कापायची राहून गेलेली. हे काय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, काही नाही, झालं, आता काही उरलं नाही. महिना तिसरा चालू होता. मग तिने गॅस बंद केला. त्यानंतर त्या बुधवारबद्दल ती कधी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं; पण तिने फक्त त्याला इस्पितळात नेऊन पहिल्यांदा त्याचे कान तपासले होते.

धक्क्यावर दंतवैद्य वाट बघत उभे होते. बोट त्यांचीच, शिडाची, माणसं चार झोपतील एवढी. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून त्यांच्याशी गप्पा मारलेल्या, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय भरपूर होती, उत्तराची वाट बघायची अजिबात नव्हती. कसे आहात, झोप लागली का, चहा घेणार का, असं एका दमात विचारून ते चालू लागत. फिटरला हा माणूस पहिल्या दिवसापासून बरा वाटला होता. बावीस वर्षं दंतवैद्य शिडं सांभाळत आणि त्यांची बायको सुकाणूचं चाक धरत असे. दंतवैद्य ओरडत, जरा डावीकडे; ती म्हणे, डावीकडेच आहे; मग उजवीकडे घ्या; मग आधी डावीकडे का म्हणालात. मागच्या मोसमात एका संध्याकाळी ती धक्क्यावर उतरली, पायांत सपाता घातल्या आणि शांतपणे म्हणाली, "मशीन बसवून घ्या." त्यानंतर बोटीवर आली नाही. घरी दुपारी छान झोपते, असं दंतवैद्य सांगत, आणि सांगताना असा चेहरा करत की जणू ती परदेशी शिकायला गेली आहे.

मशीन बसवायला आठ दिवस गेले होते. ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप धरणारं मशीन, फिटरच्या लेखी तिघांचं कुटुंब: होकायंत्र सांगणार बोट कुठे तोंड करून आहे, एक डबी ठरवणार की हे बरोबर की चूक, आणि मागे सुकाणूच्या दांड्याला जोडलेला दट्ट्या राबणार. तिघांपैकी आवाज फक्त राबणाऱ्याचा येतो. तो दट्ट्या बोटीच्या शेपटाकडच्या कप्प्यात बसवताना फिटर तीन दिवस कुशीवर पडून होता, घडी घातलेल्या खुर्चीसारखा, आणि चौथ्या दिवशी ती खुर्ची उघडेना. म्हणून कमरेला पट्टा आला. बायकोनेच आणला, इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंकडून, आणि रोज सकाळी तीच मागे उभी राहून बांधायची, कारण त्याचे हात मागे पोचत नव्हते. काल सगळं जोडून झालं होतं. आज फक्त पाण्यात नेऊन यंत्राला बोटीची ओळख करून द्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. तीनपर्यंत घरी, आणि चारच्या आत काय ते कळेल, असा हिशेब त्याने बसमध्ये केला होता. मग लक्षात आलं की घरी जाऊन उपयोग नाही, ती पाचपर्यंत इस्पितळातच असते. म्हणजे विचारायचं तर फोनवर. आणि फोनवर विचारायचं तर काय विचारायचं? मी सकाळी कशाला हो म्हणालो? हे विचारणं म्हणजे अकरा वर्षांच्या सगळ्या 'हं'चा एकदम जबाब देणं.

बंदराच्या बाहेर पाणी गुळगुळीत होतं. होकायंत्र केबिनमध्ये, बोटीच्या बरोबर मध्यावर, एका बाकड्याखालच्या कप्प्यात बसवलं होतं, जिथे हलणं सर्वांत कमी. फिटरने नेहमीचं भाषण केलं: लोखंड जवळ नको, स्पीकर नको, चुंबक तर सात कोसांवरही नको, फोन सगळे लांब ठेवा. दंतवैद्यांना लांब म्हणजे किती ते कळलं नाही म्हणून त्यांनी दोघांचे फोन एका प्लॅस्टिकच्या बादलीत घातले आणि बादली बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला कठड्याला बांधून आले. मग दंतवैद्यांनी चाक वळवून धरलं आणि बोट इंजिनावर सावकाश गोल फिरू लागली. एक फेरा दोन मिनिटांहून जास्त, असे दोन फेरे; तेवढ्यात यंत्र स्वतःच शोधून काढतं की बोटीतल्या लोखंडामुळे आपल्याला किती चुकीचं दिसतंय, आणि तेवढी चूक पोटात घालून घेतं. चार-पाच अंश चूक सगळ्यांचीच असते. पंधराच्या वर गेली तर जागा बदला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. फिटर पाठ टेकायला मिळेल म्हणून केबिनमध्ये बाकड्यावर, समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत बसला. किनारा खिडकीतून सरकत गेला, मग मोकळं पाणी, मग परत किनारा, तीच क्रेन, तीच पांढरी इमारत. कुत्रा असेल, त्याला वाटलं. घरी गेल्यावर कुत्रा असेल. किंवा तिची मावशी असेल, जी दोन्ही पायांचं ऑपरेशन एकदम करून घ्यायचं म्हणत होती. किंवा वकील. हा शब्द क्रेनच्या मागून आल्यासारखा आला आणि इमारतीबरोबर निघून गेला नाही. वकिलाला ती नक्कीच 'त्यांना' म्हणेल. पडद्यावर आकडा उमटला: बावीस अंश.

बावीस म्हणजे चूक नव्हे, मतभेद. फिटरने बाकड्याखालून दोन लोखंडी पाने, एक बिस्किटांचा डबा, एक गंजकी कडी आणि दंतवैद्यांच्या बायकोची राहून गेलेली छत्री काढली. पुन्हा दोन फेरे. सत्तावीस. तो बाकड्यावरून उठला, दुसऱ्या बाजूला बसला, पुन्हा दोन फेरे. एकोणीस. वर दंतवैद्य चाक धरून न कंटाळता गोल फिरत होते आणि मधूनमधून खाली विचारत होते, दुखतंय का, बधिर झालं का, थुंकायचंय का. जुनी सवय, म्हणत ते, तोंडातून निघून जातं. दीड वाजला. स्पीकरची वायर सोडवली. दंतवैद्यांनी सँडविच कापलं तर त्यांची सुरी लांब ठेवायला लावली. मग वैतागून फिटर सँडविच खायला वर मोकळ्या हवेत येऊन बसला, आणि खाता-खाता झालेल्या दोन फेऱ्यांचा आकडा आला चार. चार अंश. म्हणजे सुरीच होती, तो म्हणाला. दंतवैद्य म्हणाले, "अख्खी हयात मी स्टीलच्या हत्यारांनी काम केलं, एकाही पेशंटची दिशा चुकली नाही." पण चार म्हणजे चार. फिटरने बटण दाबलं, मागे दट्ट्या कण्हला, आणि दंतवैद्यांनी चाकावरचे हात असे काढले की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरचा हात काढताहेत. बोट सरळ चालली. चाक आपलं आपण एक बोट इकडे, एक बोट तिकडे हलत राहिलं. त्या हलण्याकडे बघताना फिटरला थकवा आला, खूप जुना, कमरेच्याही खालचा. त्याला वाटलं, आपण असेच तर चालतोय. मग लगेच वाटलं, असलं काहीतरी सुचणं ही दुपारच्या उन्हाची लक्षणं आहेत, आणि तो दट्ट्याचा आवाज तपासायला खाली गेला.

तो खाली उतरला आणि बोट डावीकडे वळली. वरून दंतवैद्यांनी विचारलं, आपण कुठे चाललो. फिटर पळत वर आला. बोट गुमान सरळ. आकडा बरोबर, दिशा बरोबर. तो पुन्हा खाली गेला, बाकड्यावर टेकला, पडद्यात काय दिसतंय ते बघायला वाकला, आणि समोरच्या खिडकीतली क्रेन निघून गेली. वर आला, क्रेन परत. चार-पाच वेळा असं झालं. सरळ चाललेली बोट दोष शोधायला कुणी आलं की बिघडत होती आणि शोधणारा निघून गेला की सुधारत होती. फिटरला हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं पण कुठे ते आठवेना. आज काहीच आठवत नव्हतं. तीन वाजून गेले होते. त्याला आता सगळ्याच गोष्टींबद्दल वाटू लागलं की आपण यांना हो म्हणून बसलो आहोत: या बोटीला, या पाठीला, या बावीस अंशांना. दंतवैद्य बराच वेळ काही विचारेनात. मग म्हणाले, "तुम्ही जरा खाली जा." तो गेला. "आता वर या." तो आला. "परत जा." हे असं झाल्यावर दंतवैद्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, चाळीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. पेशंट ज्या दातावर बोट ठेवतो त्यात कधीच काही नसतं. शेजारचा बघावा. आणि मग अगदी खुर्चीतल्या पेशंटला सांगावं तसं म्हणाले, "शर्ट वर करा बघू."

फिटरने शर्ट वर केला. दंतवैद्यांनी हातातला मोठा पाना सहज पुढे केला, आणि पाना त्यांच्या हातातून सुटून, टक् असा आवाज करून, फिटरच्या कमरेला जाऊन चिकटला. पट्ट्यात सोळा चुंबकं होती, बोराएवढी, चार-चारच्या ओळीत. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं की ती रक्त ओढून घेतात. फिटरला ते माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं, चार दिवसांपासून माहीत होतं, आणि सबंध बोटीतून छत्र्या-सुऱ्या-डबे काढत तो ती सोळा चुंबकं घेऊन होकायंत्राच्या उरावर जाऊन बसत होता. त्याने पट्टा ओढला. वेल्क्रो चरचरत सुटलं, पाठीला एकदम गार वाटलं, आणि त्या गार वाटण्याबरोबर सकाळ आली. शब्द आले नाहीत. पण हात आले. ती मागे उभी, पट्टा ओढून चिकटवलेला, कपबशी कुठेतरी ठेवल्याचा आवाज, आणि त्याच्या डोक्यात दट्ट्याखालच्या चार बोल्टांपैकी तिसरा, जो नीट बसला नव्हता. मग तिचं 'नक्की?' आणि त्याचं 'नक्की'. आणि त्यानंतर तिचे दोन्ही हात, पट्ट्यावर सपाट, तसेच. बांधून झालेल्या पट्ट्यावर हात ठेवायचं काही कारण नसतं. किती वेळ होते ते? बोल्टाचा विचार संपून चौथ्याचा सुरू होईपर्यंत होते. काहीतरी होतं त्या हातांत, कुणी गाडी सुटताना डब्याच्या दाराला हात लावून उभं राहतं तसं. फिटर पट्टा हातात घेऊन उभा होता आणि त्याला इतकी भीती वाटली की पाठ दुखायची थांबली.

फोन बादलीत होता आणि बादली बोटीच्या टोकाला. चारला दहा कमी होते. तो कठड्याला धरत, रांगत, पुढे गेला. दोनदा पाणी तोंडावर आलं. बादलीची गाठ दंतवैद्यांनी टाके घालावेत तशी घातली होती, ती सुटेना, आणि फोन बाहेर काढला तर भिजणार, म्हणून तो बादलीतच तोंड घालून बोलला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"मी सकाळी काय म्हणालो?"

"नक्की म्हणालास."

"कशाला?"

पलीकडे गाद्यांच्या खोलीतली शांतता होती, जिच्यात माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं असं ती सांगायची. मग ती म्हणाली, "माहीत नाही ना तुला?"

"नाही. मी ऐकलंच नाही. नुसता हो म्हणालो."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. रागाने नाही, एखादा आकडा कागदावर टिपून ठेवावा तसं. "म्हणून तर चार म्हटलं. त्यांचं ऑफिस सकाळी नऊलाच उघडतं."

बादलीत त्याचा स्वतःचा श्वास घुमत होता. सबंध दिवस तिने थांबवून धरला होता, त्याने एक बटण दाबावं म्हणून. ऐकू आलं की दाबा. ती म्हणाली, उद्या नऊपर्यंत थांबतील ते, मी विचारते त्यांना. तू घरी ये. तो म्हणाला, "पण काय ते आता सांग ना." ती म्हणाली, "बादलीत बसल्यासारखा काय बोलतोयस?" तो म्हणाला, बादलीतच आहे. त्यावर ती हसली, किंवा रडली. बादलीत दोन्ही सारखंच ऐकू येत होतं.

उरलेलं काम अर्ध्या तासात झालं. दोन फेरे, तीन अंश. बोट दोरी ओढल्यासारखी सरळ. दंतवैद्यांनी चहा केला, शीड लावलं, उतरवलं, पुन्हा लावलं. मग ते चाकाशेजारी हात मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, फारच बरोबर जातं हो हे. फिटरने सांगितलं, याच्यात एक आकडा असतो, बोट जराशी हलली की लगेच सुकाणू मारायचं की थोडं चालवून घ्यायचं ते ठरवणारा. फार तिखट ठेवला तर दट्ट्या दिवसभर कण्हतो आणि बॅटरी खातो, फार सुस्त ठेवला तर बोट दारू प्यायल्यासारखी चालते. मी मधोमध ठेवलाय, पाचावर. दंतवैद्यांनी विचार केला. मग म्हणाले, "दोनावर ठेवा." फिटर म्हणाला, डॉक्टर, वाकडी जाईल. दंतवैद्य म्हणाले, "जाऊ द्या थोडी. मग मी हिला घरी जाऊन सांगेन की मशीन तुझ्याइतकं चांगलं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच फिटरने नीट बसवलेलं यंत्र स्वतःच्या हाताने थोडं बिघडवलं. परतताना मागे पाण्यात उमटलेली रेघ सापासारखी होती, आणि दंतवैद्य तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

संध्याकाळी ती पियानोच्या स्टुलावर बसली आणि त्याला समोर बसवलं. पट्ट्याची गोष्ट त्याने आधी सांगून टाकली. पाना चिकटला तिथे ती हसली, आणि मग म्हणाली, आता तू काही बोलायचं नाही. सांगायला तासापेक्षा जास्त लागला. बसने नऊ तासांवरच्या एका शहरात लहान मुलांसाठी नवा विभाग निघतोय, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. तो तिने चालवावा असं त्यांचं, म्हणजे तिथल्या इस्पितळाचं, म्हणणं आहे. निदान दोन वर्षं. राहायला खोली मिळेल, महिन्यातून एकदा येता येईल, कदाचित दोनदा. हे पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. तिने सांगितलं की तीन आठवड्यांत तिने त्याला हे पाच वेळा सांगितलंय, आणि कुठे-कुठे तेही सांगितलं: जिन्यात, जेवताना, एकदा तो दात घासत असताना, एकदा अंधारात, आणि आज सकाळी पत्रच वाचून दाखवलं होतं. पाचही वेळा तो हो म्हणाला होता. "इतक्या सहज," ती म्हणाली, "की मला कळेना, तू मला सोडतोयस की तुला काही फरकच पडत नाही." त्याने तोंड उघडलं तर तिने हात वर केला. आत्ता नको. तुझ्या तोंडात उत्तर तयारच असतं. सकाळी विचारेन.

त्याने सबंध तासाभरात एकदाही 'हं' म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याची मान अवघडली होती. ऐकणं हे इतकं अंगमेहनतीचं काम असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या बोलण्यात मध्येच त्या मुलांचं काहीतरी होतं, की पहिल्यांदा आवाज ऐकू आला की ती रडतात, घाबरून, आणि मग काही दिवसांनी आपल्याच पावलांचा आवाज ऐकायला उगाच चालत राहतात. हे सांगताना तिचा चेहरा कसा होता ते त्याने पाहिलं. हा चेहरा तिच्याकडे आहे हे तो विसरून गेला होता. आणि पत्राबद्दल सांगताना लहान मुलं हे शब्द आले तेव्हा ती जरा थांबली होती, तेवढंच. बुधवारचं नाव दोघांनीही काढलं नाही.

सकाळी पावणेनऊला ती पट्टा घेऊन आली. सवयीने तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळला.

"असा कसा बांधू? चुंबकं पोटावर येतील."

"येऊ देत."

तिने हात मागे नेऊन पट्टा आणला, ओढला, पाठीवर चिकटवला. तेवढ्यापुरती तिची हनुवटी त्याच्या खांद्याला लागली. मग ती मागे सरकली, आणि हात पट्ट्यावर तसेच ठेवून, त्याच्याकडे बघत, तिने सहाव्यांदा विचारलं, "मी जाऊ?"

त्याने तोंड उघडलं आणि तिथे काहीही तयार नव्हतं. खाली रस्त्यावरून एक बस गेली. दोघांनी ती जाऊ दिली. नको म्हणावं असं फार वाटत होतं, पोटातून, चुंबकांच्या मागून. पण काल संध्याकाळचा तो चेहरा समोर होता, आणि त्या चेहऱ्याला नको म्हणायचं म्हणजे पुन्हा एकदा न ऐकल्यासारखंच. "हो," तो म्हणाला. उत्तर कालचंच निघालं. पण काल ते कुठूनच आलं नव्हतं. आज कुठून तरी खालून, दट्ट्यासारखं कण्हत आलं, आणि बाहेर पडताना त्याला स्वतःला ऐकू आलं.

"नक्की?"

"नक्की नाही," तो म्हणाला. "पण जा."

तिने थोडा वेळ हात काढले नाहीत. मग घड्याळाकडे बघितलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन फोन लावला. तो तिथेच उभा राहिला. पोटावर सोळा चुंबकं होती, पाठ दुखत होती, आणि ती त्यांना काय सांगते आहे ते त्याला सगळं ऐकू येत होतं.